चवथीपूर्वी खिडक्या बसवण्याबाबत

घरात साप निघाला किंवा कौलांवर माड पडला तर माणूस चारचौघांत सांगू शकतो. लोक हळहळतात, चहा पाजतात. मी घराच्या खिडक्या बदलल्या. याला कोणी हळहळत नाही. ज्याला सांगावं तो ‘सरकत्या की उघडत्या?’ एवढंच विचारतो आणि काहीही उत्तर दिलं तरी ‘फसलास’ म्हणतो. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो. नंतर कोणी बाजारात अडवून विचारू नये.

गावाचं नाव सांगत नाही. गोव्यात डिचोली तालुक्यात, सुर्ल्याकडून खनिजाचे ट्रक येतात त्या रस्त्याला आमचं घर आहे, एवढं पुरे. पंचायतीतली माणसं अजून नोकरीत आहेत आणि मला अजून याच गावात राहायचं आहे.

सुरुवात झाली ती एका फुंकरीने. मागच्या चवथीची गोष्ट. चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. आमच्याकडे हिच्यापुढे दिवाळीसुद्धा किरकोळ. घराण्याचा गणपती मूळ घरात बसतो आणि मूळ घरात मी राहतो. माझा थोरला भाऊ शिवदास, म्हणजे आमचा दादा, पर्वरीला पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहतो. पण चवथीला तो, तेजस्विनी वहिनी, मुलं, सुना सगळे इथे येतात. तर पंगत बसली होती. वहिनीने पानातली नेवरी, म्हणजे आमची करंजी, उचलली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि फू करून फुंकली. नेवरीवर तांबडी धूळ होती. होती, मी नाकारत नाही. रस्त्यावरून ट्रक जातात, आमच्या लाकडी खिडक्या वाळवीने खाल्लेल्या, झडपा अर्ध्या मिटतात. धूळ येणारच. पण सगळ्या पंगतीसमोर फुंकायची काय गरज होती? घासाबरोबर गिळता आली असती. आम्ही वर्षभर गिळतो.

दादा पातोळीचं पान सोलत म्हणाला, “रघू, पुढच्या चवथीपर्यंत ह्या जनेलांचं कायतरी कर बाबा. नाहीतर गणपती आपण पर्वरीला नेऊया. देवाला असा धुळीत बसवणं बरं नाही.”

जनेल म्हणजे खिडकी. पोर्तुगीज गेले, जनेल राहिलं. पण त्या क्षणी मला शब्द दिसत नव्हते, गणपती दिसत होता, लिफ्टमधून पाचव्या मजल्यावर चाललेला. मूळ घरातून गणपती हलणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कसं सांगू? माझ्याकडे दादासारखी गाडी नाही, फ्लॅट नाही, दुबईतला मुलगा नाही. मी शाळेतला हेडक्लार्क. या घराण्यात मी नेमका कोण, याचं उत्तर वर्षातून एकदा चवथीला मिळतं. त्या दिवशी सगळे माझ्या उंबऱ्यावर येऊन वाकतात, कारण दार बुटकं आहे. तेवढं माझं एक होतं. ते मी पाचव्या मजल्यावर जाऊ देणार नव्हतो.

“पुढच्या चवथीला काचेच्या खिडक्या असतील,” मी म्हणालो. भर पंगतीत, हातात वरणभात.

आता खिडक्या म्हटल्यावर मेस्त हवा. मेस्त म्हणजे आमच्याकडचा सुतार. पण आमच्या भागातले सगळे मेस्त हल्ली मांद्रे-मोरजीला असतात. तिथे समुद्रकाठी लाकडाच्या झोपड्या बांधतात आणि संध्याकाळी परत येताना रस्त्यात कोणी हाक मारली तर ‘सोमवारी येतां’ म्हणतात. कुठल्या सोमवारी, ते सांगत नाहीत. सहा-सात सोमवार वाट पाहून मी जाहीर केलं की मी स्वतःच खिडक्या बसवणार.

माझी मुलगी गौरवी हिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एक गोरा माणूस चहाचा कप खाली न ठेवता जुनी खिडकी काढतो, नवी बसवतो आणि बायको टाळ्या वाजवते. “बघा बाबा, किती सोपं!” सोपं होतंच. त्याच्या भिंती पुठ्ठ्याच्या होत्या. आमच्या भिंती चिऱ्याच्या, आणि चिऱ्यांच्या मध्ये आजोबांच्या काळची माती. शिवाय आमच्या घरात एका मापाच्या दोन खिडक्या नाहीत. ज्याने घर बांधलं त्याने बहुतेक एकेक खिडकी वेगवेगळ्या मनःस्थितीत केली असावी. सत्यवती, माझी बायको, टेपचं दुसरं टोक धरून उभी होती. “अहो, आतलं माप घेताय की बाहेरचं?” तिने विचारलं. मी म्हटलं, माप हे माप असतं. हे वाक्य तिने पुढे वर्षभर मला वेळोवेळी परत ऐकवलं.

डिचोलीच्या दुकानात ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची ऑर्डर दिली आणि मग मी तो प्रकार केला ज्याच्यामुळे पुढचं सगळं झालं. मी पंचायतीत अर्ज केला.

समोरच्या घरातला धाकू हे ऐकून आपल्या बलकांवातून उठून उभा राहिला. बलकांव म्हणजे दारापुढचा ओटा. धाकूचे एके काळी स्वतःचे दोन ट्रक होते. मध्यंतरी खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक गेले, सल्ले राहिले. ते तो दिवसभर त्या ओट्यावर बसून वाटतो.

“अरे रघुनाथा, जनेल काढपाक अर्ज? पिसो जालो काय रे? आदितवारा काढ, सोमारा घाल. पंचायतीक कळसर चवथ जाता!”

“धाकू, नियम आहे.”

“नियम आसा. पूण नियमाक तरी खबर आसा काय, की तूं जनेल काढता?”

पण इतकी वर्षं मी हेडक्लार्क आहे. माझ्या हातून मागणीपत्राशिवाय खडूचा तुकडासुद्धा सुटलेला नाही. मी अर्ज केला, सुवाच्य अक्षरात, ‘चवथीपूर्वी खिडक्या बसवण्याबाबत’ असा विषय लिहून. पंचायतीतला कारकून सुदेश आमच्याच शाळेत शिकलेला. त्याने अर्ज वाचला, दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

“सर, तुमकां कोणें सांगलें हें करपाक?”

“का? चुकलं काय?”

“कांयच चुकलें ना सर. तेंच तर वायट. असो अर्ज कोणूच करीना. आतां हो आयलो म्हणजे आमी वाचपाक जाय. वाचलो म्हणजे कागद मागपाक जाय.” त्याने अर्ज उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. मग त्याला माझी दया आली. “तुमी काम सुरू करा सर. अर्जाचें हांव पळयतां.”

अर्जाचं मी बघतो. सरकारी कचेरीत हे वाक्य ऐकून ज्याने पहार उचलली, तो मी. स्वतः कारकून असून! हे वाक्य मी स्वतः शेकडो पालकांना ऐकवलेलं आहे, आणि त्यांच्या अर्जाचं काय होतं हे मला पक्कं ठाऊक आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पहिल्या खिडकीला हात घातला. गज काढले, झडपा काढल्या, बिजागऱ्या गंजून धूळ झालेल्या, त्या हातातच आल्या. मग चौकटीखाली पहार घालून जोर दिला. चौकट निघाली. तिच्या मागोमाग एक चिरा निघाला. त्याच्या मागोमाग त्याचा शेजारी. मी पहार टाकून दोन्ही हातांनी भिंत धरली आणि ओरडलो. सत्यवती आणि गौरवी धावत आल्या आणि आम्ही तिघं बराच वेळ भिंतीला टेकून उभे राहिलो, माती पडायची थांबेपर्यंत. धाकू समोरून म्हणाला, “आतां जनेल कित्याक, दारच कर!” त्या क्षणी माझ्या हातात पहार नव्हती हे धाकूचं नशीब.

दुसरी खिडकीही त्याच दिवशी काढली. एक भिंत तशीच मोडली होती, तेव्हा दुसरीला भ्यायचं कारण उरलं नव्हतं. धाकूने जुन्या चौकटी ‘जळाऊ म्हणून न्हेतां’ म्हणत उचलून नेल्या. दुकानातून नव्या खिडक्या आल्या, भिंतीला टेकवून ठेवल्या. माप अर्थातच आतलं होतं, आणि भोकं आता बाहेरच्याहूनही मोठी. तरी चिरे आणून कडा बांधून घेतल्या असत्या तर आठवड्यात काम झालं असतं. पण तेवढ्यात एक पंच स्कूटरवरून चालला होता. त्याने भोकं पाहिली आणि धाकूला विचारलं, हें कितें? आणि धाकू, माझा मित्र, माझा शेजारी, अभिमानाने म्हणाला, “रघुनाथान रीतसर अर्ज केला!”

पंच कचेरीत गेला आणि त्याने अर्ज मागवला.

नोटीस घेऊन सुदेश स्वतः आला. बिचाऱ्याचा चेहरा पडला होता. अर्ज प्रलंबित असताना काम सुरू केल्याबद्दल ते तात्काळ थांबवावं आणि जागा जैसे थे ठेवावी. मी त्याला दोन्ही भोकं दाखवली. “हे जैसे थे ठेवू?”

“सर, अर्ज नासतो तर आमकां कळपाचेंच ना. आतां फायलींत आसा.” त्याने चहा घेतला. जाताना भोकातून वाकून बाहेर पाहिलं आणि म्हणाला, “वारो बरो येता.”

मग पाहणी झाली. तीन माणसं आली, त्यांतल्या एकाने बाहेरून भोकात डोकं घातलं. आत सत्यवती मासे निवडत होती. “भोंक व्हडलें आसा,” म्हणजे भोक मोठं आहे, असं त्याने साहेबाला ऐकू जाईल असं सांगितलं आणि मग बाईमाणूस दिसल्यावर नमस्कार केला. सत्यवतीने खाली बसूनच सुरीने नमस्कार केला. निष्कर्ष असा निघाला, की घर अजून आजोबांच्या नावावर, तेव्हा दर्शनी भिंतीत फेरफार करायला दुसऱ्या वारसाची, म्हणजे दादाची, लेखी ना हरकत हवी. किंवा मग जुन्या खिडक्या होत्या तशा परत बसवा आणि विषय बंद करा.

मी दादाला फोन केला. दादा इतका गोड बोलला की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“अरे, सही कितली बी देतो. पण काय रे रघू, घराला हात लावण्याआधी मला विचारायचं तरी. पंचायतीला विचारलंस, भावाला नाही.”

“तूच म्हणालास ना दादा, पंगतीत!”

“म्हटलं मी. म्हणजे चर्चा करूया म्हटलं. बरं, मी जरा बाहेर आहे. आल्यावर बघूया हां.”

दादा कुठे बाहेर होता हे मला अजून कळलेलं नाही. फोनमध्ये वहिनीच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

राहिली जुन्या खिडक्यांची वाट. धाकूला विचारलं, चौकटी जाळल्यास काय? तो आधी आकाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, मांद्र्याचा एक मनीस येता, जुनें लाकूड न्हेता. मी आणि सत्यवती पेडण्याची बस पकडून मांद्र्याला गेलो. समुद्राकडच्या रस्त्यावर एका कॅफेत आमची खिडकी भिंतीवर टांगली होती. वाळवीची भोकं तशीच, वरून पॉलिश. तिच्या मागे भिंत, तिच्यासमोर एक परदेशी बाई उभी राहून फोटो काढून घेत होती. दुसऱ्या खिडकीचं टेबल झालं होतं. त्यावर काच घातली होती आणि एक जोडपं पाव खात बसलं होतं. ज्या खिडकीला आमच्या वहिनीने सगळ्या पंगतीसमोर नाक मुरडलं, तिच्यावर लोक कोपर टेकून कॉफी पीत होते. मालक दिल्लीकडचा असावा. मी त्याला हिंदीत समजावलं की ही माझ्या घराची खिडकी आहे. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं की हे मूळ मालक आहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. खिडकी मात्र दिली नाही. परत येताना बसमध्ये सत्यवती एकच वाक्य बोलली. “तिथे तिला कोणी धूळ म्हणत नाही.”

मग पाऊस आला आणि जैसे थे आत यायला लागलं. मोठ्या भोकावर मी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक जुना फ्लेक्स लावला. कुणा भावी उमेदवाराचा होता, हात जोडलेला. छापील बाजू बाहेर ठेवली असती तर पक्षाचं घर म्हणून बोंब झाली असती, म्हणून आत ठेवली. आषाढभर तो माणूस आम्ही जेवताना हात जोडून बघत होता, आणि वारा आला की त्याचे गाल फुगायचे. गौरवी त्याला ‘काका’ म्हणायला लागली. एका दुपारी वाऱ्याने काका मधोमध फाटले आणि पाण्याचा लोट थेट हॉलमध्ये आला. सत्यवती बाजारात, गौरवी कॉलेजात. मी एकटा. फळी हवी होती, तातडीने. माळ्यावर चढलो, गोणपाटात गुंडाळलेली एक चांगली जाड फणसाची फळी सापडली. खालच्या बाजूला दोन आडव्या पट्ट्या होत्या, त्या आड येत होत्या म्हणून छिन्नी घालून उडवल्या. आणि फळी भोकात बसवून दोन्हीकडून दणदणीत खिळे मारले. पाणी थांबलं. माझं स्वतःवर इतकं प्रेम त्या वर्षात पुन्हा कधी बसलं नाही. एक खिळा जरा पुढे राहिला होता, त्याला छत्री अडकवायची सोय झाली.

श्रावणात गुरुदासचा फोन आला. गुरुदास म्हणजे आमचा मूर्तिकार. आमच्याकडे मूर्ती बाजारातून उचलत नाहीत. ज्याच्या घरी गणपती बसायचा, त्या घरचा पाट आधी चित्रशाळेत पोचवायचा, आणि गुरुदास त्या पाटावरच माती चढवतो. पाट ज्या घरचा, गणपती त्या घरी.

“पाट खंय आसा तुमचो? सगळ्यांचे पावले.”

“पाठवतो,” मी म्हटलं आणि सत्यवतीला हाक मारली. पाट ठेवणं-काढणं तिचं काम. ती माळ्यावर चढली. वर गोण्या सरकवल्याचे आवाज येत राहिले. मग ती रिकामं गोणपाट घेऊन खाली उतरली.

“अहो, ह्यातला पाट कुठे गेला?”

मला अजूनही काही कळलं नव्हतं. शपथेवर सांगतो. पाट मी आयुष्यात कधी नीट पाहिलाच नव्हता. दरवर्षी तो गणपतीच्या खालीच असायचा. पण सत्यवतीची नजर माझ्यावरून हळूहळू खिडकीकडे गेली. फळीला छत्री टांगलेली होती. छत्रीतून पाणी ठिबकत होतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने छत्री काढली, कोपऱ्यात ठेवली, ओल्या फळीवरून पदर फिरवला आणि फळीला हात जोडले. मग माझ्याकडे वळली. “सासूबाई गेल्या त्या वर्षीसुद्धा ह्या पाटाला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता मी. तुम्ही त्याला खिळे मारलेत? देवाच्या पाटाला? आंधळे झाला होता काय हो?” आणि ती रडायला लागली. रागाने रडणारी बायको समोर असली की माणसाने काय करावं हे मला अजून ठाऊक नाही. मी घाईघाईने खिळे उपटायला गेलो. शेवटचा खिळा निघाला तेव्हा फणसाचं ते जुनं लाकूड आवाज करून शिरेत उभं चिरलं. त्याचे दोन तुकडे माझ्या दोन हातांत राहिले.

भटजी समजूतदार निघाले. म्हणाले, नवा पाट करा, क्षमा मागा, देव काय तुमच्यासारखा हेडक्लार्क नाही. त्याच संध्याकाळी मी साखळी गावातल्या एका मेस्ताचे पाय धरले. त्याने चक्क सोमवारी म्हणजे सोमवारी पाट करून दिला. तो कोऱ्या पंच्यात गुंडाळून मी चित्रशाळेत गेलो.

गुरुदास मातीच्या हातांनी उभा राहिला. माझ्याकडे न बघता, माझ्या काखेतल्या पाटाकडे बघत होता.

“शिवदासदादा काल पाट दिवन गेले,” तो म्हणाला. “सागवानाचो. माती चडयली हांवें. तुमचो पाट फुटलो म्हण सांगलें तांणी.”

“त्याला कोणी सांगितलं?”

गुरुदासने खांदे उडवले. सांगायला कशाला हवं? धाकूचा ओटा आमच्या समोर आहे, आणि त्याच्याकडे फोन आहे. सुकायला लागलेल्या मातीत सोंडेचा आकार दिसायला लागला होता. आमचाच गणपती, डाव्या सोंडेचा, दरवर्षीसारखा. दुसऱ्या पाटावर.

“ह्या पाटावर एक कर ना, गुरुदास.”

“एका घराण्याचे दोन गणपती कशे करूं? तुमीच सांगा.” त्याचं बरोबर होतं. मला त्याचाही राग आला.

दादाला फोन लावला. या वेळी त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

“रघू, रागावू नको. तुझ्याकडे भिंतीला भोकं, पाटाला खिळे. मातीची मूर्ती पावसात बसवणार काय तू? विरघळली तर सगळ्या घराण्याला लागेल ते. या वर्षापुरतं म्हणतोय मी. तू आरती करायला ये, पहिला मान तुझा.”

“आणि तुझी सही मे महिन्यात मिळाली असती तर भोकं राहिली असती काय रे, दादा?”

“सही ना? अरे, ती तर तयारच आहे. उद्या पाठवतो.”

आणि पाठवली हो! दुसऱ्याच दिवशी, सकाळी, ड्रायव्हरबरोबर, शिक्क्यानिशी. सोबत वहिनीने पेढे दिले होते. मी ते पेढे धाकूच्या ओट्यावर नेऊन ठेवले आणि परत आलो. सत्यवती म्हणाली, “दादांना नावं ठेवू नका. त्यांना फक्त हात पुढे करायचा होता. ताट तुम्ही वाढून दिलंत.” घरात असं बोलणारं माणूस असलं की शत्रूची गरज उरत नाही.

मग सगळं कसं भराभर झालं. सुदेशने परवानगीचा कागद घरी आणून दिला. पंचाने रस्त्यावरून हात केला. मी चिरे आणले, कडा बांधल्या, लेव्हल लावून पाणी बघितलं, चौकटी बसवल्या, फटीफटीतून सिलिकॉन भरलं. कोणी मदतीला नव्हतं, आणि मला कोणी नकोही होतं. खिडक्या अशा बसल्या, की एका बोटाने सरकवल्या तर लोण्यासारख्या जायच्या. मिटल्या की धुळीचा कण आत नाही, ट्रकचा आवाज आत नाही. आयुष्यात मी हाताने केलेलं एवढं एकच काम निर्दोष झालं. ते पुरं झालं तेव्हा चवथ दोन दिवसांवर होती.

चवथीला पर्वरीला गेलो. जाणं भाग होतं. लिफ्टमध्ये ‘चपला बाहेर’ अशी पाटी होती. दादाने सगळ्यांना सांगितलं, हा माझा धाकटा भाऊ, गावाकडे असतो. आरतीचा पहिला मान मला दिला, खोटं कशाला बोलू. पण माझा सूर बसला नाही. आरती मी नेहमी ओरडून म्हणतो, आणि शेजारच्या फ्लॅटमधलं मूल झोपलेलं होतं. जेवताना वहिनीने सत्यवतीला वाढायला उठू दिलं नाही. “तू पाहुणी आज,” म्हणाली. सत्यवती ताटावर हसत बसली. ते हसू मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. गौरवीला चुलतभावंडांनी ठेवून घेतलं. आम्ही दोघं दिवेलागणीच्या आधी घरी आलो.

सत्यवतीने सवयीने दिवा लावला आणि गणपतीच्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवला. आदल्या दिवशी तिने नेवऱ्या केल्या होत्या, त्याही सवयीनेच. डबाभर. मी म्हटलं, कोण खाणार? तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

संध्याकाळी वाड्यावरची मंडळी घुमट, म्हणजे मातीच्या घटाची ढोलकी, घेऊन घरोघर आरतीला फिरतात. दरवर्षी दुसरं घर आमचं. घुमटाचा आवाज आतून येतच नव्हता, कारण खिडक्या मी बसवल्या होत्या. काचेतून दिसले तेव्हाच कळलं. बाजूच्या घरातून उतरले, आमच्या दारासमोर आले आणि थबकले. पुढे धाकू, गळ्यात घुमट. त्याने हात खाली घेतले. मागच्यांनी आपोआप कासाळी, म्हणजे झांजा, बंद केल्या. मी खिडकी सरकवली. एका बोटाने सरकली.

“जनेलां फाइन जाल्यांत रे, रघुनाथा!” धाकू म्हणाला, फार मोठ्याने. दोघातिघांनी माना डोलावल्या. हो हो, फाइन. मांद्र्याक आसतात तशीं. सत्यवती डबा घेऊन खिडकीशी आली आणि ‘घ्या रे, घेऊन जा’ म्हणत एकेकाच्या हातावर नेवऱ्या ठेवायला लागली. लोक संकोचून घेत होते. दोघांनी तर दोन्ही हातांनी घेतल्या, प्रसाद असल्यासारख्या, आणि मग काय करावं ते न कळून तशाच धरून ठेवल्या.

मागे एक नवा माणूस होता, सावंतवाडीकडचा, धाकूच्या जावयाच्या ट्रकवर चालक. आमच्याकडे चवथीला गणपती नसलेलं घर एकाच कारणाने असतं. त्या घरी सुतक असतं. त्याने आत दिवा पाहिला, रिकामा कोपरा पाहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात मला विचारलं, “कोण गेला हो तुमच्यातला?”

धाकू खाली बघत राहिला.

“कोणी नाही,” मी म्हटलं. “आम्ही खिडक्या बदलल्या.”